कोल्डवर्किंगचं किट: ४२ होल, ४३ स्लीव्ह

विमानाच्या स्ट्रक्चर रिपेअरमध्ये मला १४ वर्षं झाली. त्यातली शेवटची ६ वर्षं स्प्लिट स्लीव्ह कोल्डवर्किंगचं किट माझ्या हाताखाली आहे. बोल्टचं होल न तापवता ताणून त्याच्याभोवतीचा धातू दाबून ठेवायचं हे किट, म्हणजे तिथे तडा लवकर जात नाही. आधी आम्ही ते भाड्याने आणायचो, आता हँगरने स्वतःचं घेतलंय. मराठीत या वस्तूबद्दल कुणी लिहिलेलं मला कधी सापडलं नाही. नवीन लागलेली मुलं मला विचारतात, "दादा, ते ओढायचं मशीन नक्की करतं काय?" त्यांच्यासाठी, आणि किट घ्यावं की भाड्याने आणावं या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

पेटी उघडली की आत फार काही नसतं. हवेवर चालणारं पंप युनिट, त्याच्या होजला जोडलेली पुलर गन, गनच्या तोंडाला बसणारे नोजकॅप, मापामापांचे मॅन्ड्रेल, रीमर (होल नेमक्या मापाला नेणारं हत्यार), गेज (माप तपासायचं साधन) आणि स्लीव्हची पाकिटं. मॅन्ड्रेल म्हणजे कडक पोलादाची निमुळती दांडी. एका ठिकाणी ती जराशी फुगीर असते. स्लीव्ह म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याची नळी, एका बाजूने उभी चिरलेली, आतून कोरडं वंगण लावलेली. बोटांत धरली तर वजनही जाणवत नाही. सगळ्या पेटीत सगळ्यात हलकी वस्तू हीच, आणि सगळ्यात जास्त वाद होतात ते हिच्यावरून. ते पुढे येईलच.

काम असं चालतं. ठरलेल्या मापाचं होल रीमरने तयार करायचं. स्लीव्ह मॅन्ड्रेलवर चढवायची. मॅन्ड्रेल होलातून आरपार घालायचा, म्हणजे स्लीव्ह होलात बसते आणि मॅन्ड्रेलचा फुगीर भाग पलीकडे राहतो. नोजकॅप पत्र्याला काटकोनात टेकवायची आणि ट्रिगर दाबायचा. गन मॅन्ड्रेल मागे ओढते, फुगीर भाग स्लीव्हच्या आतून घुसून होल ताणत आपल्याकडे येतो आणि टक् असा आवाज होतो. झालं. एका बाजूने, एका माणसाने, अर्ध्या मिनिटात. पंखाच्या पोटात, जिथे पलीकडे हातच पोचत नाही तिथे ही सोय म्हणजे वरदान आहे.

आकडे मांडून दाखवतो. समजा होल ६.०० मिलिमीटरचं आहे, मॅन्ड्रेलचा फुगीर भाग ५.८४ आणि स्लीव्हची जाडी ०.२०. स्लीव्ह दोन्ही अंगांना आहे, म्हणजे ५.८४ अधिक ०.४०, एकूण ६.२४. होल क्षणभर ६.२४ पर्यंत ताणलं जातं, ४ टक्के. मॅन्ड्रेल निघून गेला की धातू थोडा परत येतो, पण पूर्ण नाही. अ‍ॅल्युमिनियमला साधारण एवढंच ताणतात, टायटॅनियमला जास्त लागतं.

होल मोठं केल्याने ते मजबूत कसं होतं, हा प्रश्न प्रत्येक नवीन मुलगा विचारतो आणि विचारायलाच हवा. मी त्याला बैलगाडीच्या चाकाची धाव सांगतो. लोहार लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतो, मग पाणी ओततो. धाव आवळते आणि चाकाचे सगळे सांधे दाबून धरते. गाडी दगडावर आदळली तरी सांधा उघडत नाही, कारण तो आधीच दाबलेला आहे. इथे तापवणं नाही, म्हणून तर नाव ‘कोल्ड’. होलालगतचा धातू मॅन्ड्रेलने इतका ताणला की तो कायमचा पसरला. त्याच्या बाहेरचा धातू मात्र फक्त लवचीकपणे ताणला गेला होता, त्याला मूळ जागी परत यायचंय. तो परत येताना आतल्या पसरलेल्या कड्याला चहूबाजूंनी आवळतो. बाहेरचा धातू हीच धाव.

हे आवळणं साधंसुधं नसतं. होलाच्या काठाशी उरणारा दाब धातूच्या यील्ड स्ट्रेंग्थच्या (ज्या ताणापलीकडे धातू कायमचा पसरतो त्याच्या) दोन-तृतीयांशाच्या आसपास जातो, आणि दाबाचा हा पट्टा होलाच्या त्रिज्येएवढा, कधी व्यासाएवढा रुंद असतो. १८९८ मध्ये किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरने गणिताने दाखवलं होतं की रुंद पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. पंखाचा खालचा पत्रा प्रत्येक उड्डाणात ताणला जातो, उतरल्यावर सैल पडतो. ताण, सैल, ताण, सैल. धातू शिणतो, आणि शिणतो तो आधी त्या तिप्पट ताणाच्या जागी. तिथेच जर आधीपासून दाब भरून ठेवला असेल तर येणारा ताण त्या दाबातून वजा होतो. बारीक तडा गेला तरी त्याचं तोंड दाबलेलं राहतं आणि तो फार हळू वाढतो. होलाचं आयुष्य यामुळे साधारण ३ ते १० पट वाढतं असं मानतात. वजन एक ग्रॅमही न वाढवता. मला या धंद्यात याहून सुंदर गोष्ट दुसरी माहीत नाही, हे मी मनापासून सांगतो.

ही पद्धत १९७०च्या सुमारास बोइंगमध्ये आकाराला आली. पुढे सिएटलजवळच्या फटीग टेक्नॉलॉजी या कंपनीने तिची हत्यारं जगभर नेली. त्याआधीही नुसता मॅन्ड्रेल ओढून होल ताणत होते, पण तेव्हा मॅन्ड्रेल थेट होलाच्या भिंतीवर घासायचा आणि धातू आपल्याबरोबर ओढून न्यायचा. मधे स्लीव्ह आली आणि घासणं स्लीव्हवर गेलं. होलाला फक्त बाहेरच्या दिशेने ताण बसतो. म्हणून ती एवढीशी नळी म्हणजे या किटचा आत्मा आहे.

आता अनुभव. एका जुन्या विमानाचा मोठा चेक सुरू होता. डाव्या पंखाच्या मागच्या स्पारची, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब तुळईची, खालची कॅप (कडेची जाड पट्टी), सलग ४२ होल. जुने फास्टनर (बोल्ट-रिव्हेट) काढून एडी करंट (विजेने तडे शोधायची तपासणी) लावलं तर तीन होलांत बारीक तडे निघाले. रीमर मारून तडे साफ काढले, पुन्हा तपासलं, आणि दुरुस्तीच्या ड्रॉइंगमध्ये आलं की ४२ च्या ४२ होल पुढच्या मापाला नेऊन कोल्डवर्क करा. आमचं किट तेव्हा दुसऱ्या कामावर होतं, म्हणून भाड्याने मागवलं. कुठून ते इथे लिहीत नाही.

पेटी आली ती स्वच्छ, सगळं खणाखणात. मॅन्ड्रेल चकचकीत. मॅन्ड्रेल तपासायचं गेज मात्र खणात नव्हतं. फोन केला तर म्हणाले, "आम्ही चेक करूनच पाठवतो, तुम्ही बिनधास्त वापरा." विमान बाहेर काढायची तारीख डोक्यावर होती. इन्चार्ज साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हणालो, "साहेब, होलाचं गेज आहे, त्यावर कळेल." आज मी हे उत्तर देणार नाही. मायक्रोमीटर समोरच्या कपाटात होता, दोन मिनिटांचं काम होतं.

रात्रपाळीत सुरुवात केली. माझा जोडीदार नुकताच ट्रेनिंग संपवून आलेला, हाताने चपळ मुलगा. पहिली पाच-सहा होल झाल्यावर तो म्हणाला, "दादा, आपण एक काम करू. तुम्ही ओढत जा, मी मागून लगेच रीमर मारत येतो. पहाटेपर्यंत संपेल."

मी नाही म्हणालो, आणि का ते इथे सविस्तर लिहितो, कारण या किटबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असती तर ही सांगितली असती. कोल्डवर्क केलेलं होल आणि न केलेलं होल, दोन्ही शेवटच्या मापाला रीम केली की डोळ्याला सारखीच दिसतात. दोन्ही गोल, दोन्ही चकचकीत, दोन्हींचं माप बरोबर. एकात दाब भरलेला आहे आणि दुसऱ्यात नाही, हे नंतर कुठल्याही साध्या गेजने कळत नाही. ते कळायची संधी एकदाच मिळते: मॅन्ड्रेल ओढल्यानंतर आणि रीमर लावण्याआधी. त्या वेळी चेक गेज होलात घालायचं. होल पुरेसं फुगलं असेल तर गेज आत जातं, नसेल तर अडतं. रीमर मारला की ही साक्ष पुसली. नंतर कितीही कागद लिहिले तरी होलाने स्वतः दिलेली साक्ष परत मिळत नाही.

त्यामुळे आमचा नियम: आधी सगळी होल ओढायची, प्रत्येक होलात गेज घालायचं, होलाच्या बाजूला मार्करने नंबर आणि टिक, शीटवर सही. सगळी रांग तपासून झाल्यावरच रीमर बाहेर काढायचा.

सतराव्या होलात गेज अडलं.

मी पुन्हा घातलं. कडेला बर (धातूचा बारीक काटा) असेल म्हणून होल पुसून पुन्हा घातलं. अडलंच. मुलगा म्हणाला, "जरा दाबून बघू का?" गेज दाबायचं नसतं, ते आपल्या वजनाने जातं किंवा जात नाही. काम थांबवलं. मॅन्ड्रेल काढून मायक्रोमीटर लावला तर फुगीर भाग खालच्या मर्यादेपेक्षा एक थाऊ कमी. एक थाऊ म्हणजे पंचवीस मायक्रॉन, केसाच्याही निम्म्याहून कमी. पण हिशेब करा, ६ मिलिमीटरच्या होलावर पंचवीस मायक्रॉन म्हणजे ०.४ टक्के. चारातले ०.४ गेले. म्हणजे मॅन्ड्रेल आला तेव्हाच काठावर होता, आणि आमच्या कामात तो काठाखाली उतरला. आधीच्या १६ होलांत गेज पुन्हा घालून पाहिलं, सगळ्यांत गेलं. पण त्या पहाटे मी एकेका होलापाशी श्वास रोखून उभा होतो हे खरं.

सतराव्याला लाल टॅग लावला, डिझाइनला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: नवीन मॅन्ड्रेल, नवीन स्लीव्ह, तेच होल पुन्हा. भाडेवाल्यांनी मॅन्ड्रेल बदलून दिला, पैसे मात्र दोन दिवसांचे जास्त लावले. त्याचा मला आजही राग आहे. पैशापेक्षा जास्त राग त्या "चेक करूनच पाठवतो" चा आहे, कारण त्या वाक्यावर पंख उभा असतो.

म्हणून भाड्याने आणत असाल तर माझं सांगणं ठाम आहे. मॅन्ड्रेलचं गेज पेटीत नसेल तर पेटी परत करा. मॅन्ड्रेलने आजवर किती ओढ झाल्या त्याची नोंद मागा. आणि आपल्या मायक्रोमीटरने पहिल्या होलाआधी मोजा, मग दर काही होलांनी मोजत राहा.

स्लीव्हबद्दल. स्लीव्ह एकदाच वापरायची. स्वस्त नाहीत, बाहेरून येतात, कधी वेळेवर मिळत नाहीत हे सगळं मान्य. एका ठिकाणी मी माणसाला वापरलेली स्लीव्ह हाताने सरळ करून पुन्हा मॅन्ड्रेलवर चढवताना पाहिलंय. आतलं वंगण पहिल्याच ओढीत संपलेलं असतं. दुसऱ्यांदा मॅन्ड्रेल अडकतो, आणि अडकलेला मॅन्ड्रेल तुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मॅन्ड्रेलच्या रेषेत, ना गनच्या मागे ना पत्र्याच्या पलीकडे, कुणीही उभं राहू नये. आम्ही प्रत्येक वापरलेली स्लीव्ह एका स्टीलच्या डब्यात टाकतो आणि पाळीच्या शेवटी मोजतो. होल तेवढ्या स्लीव्ह. एखादं होल नजरचुकीने सुटलं, तर ते आधी डब्यात कळतं.

स्लीव्हची चीर कुठे ठेवायची यालाही महत्त्व आहे. चिरीच्या जागी होलात एक बारीक उभी कड उठते, तिथला धातू जरा दुखावतो. ताण ज्या दिशेने येतो त्याच रेषेत चीर ठेवायची, आडवी ठेवायची नाही, कारण आडव्या अंगालाच किर्शचा तिप्पट ताण बसतो. ती कड मग शेवटच्या रीमरने जाते. आणि आणखी एक, जे मला बरीच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं: मॅन्ड्रेल ज्या बाजूने आत शिरतो त्या तोंडाशी दाब कमी भरतो, आणि मधे व बाहेर पडायच्या बाजूला जास्त. फुगीर भाग पलीकडून शिरून आपल्याकडे येतो, म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथे दाब चांगला आणि पलीकडे जरा कमी. गन कुठल्या बाजूने लावायची हे सोयीवर सोडू नका, ड्रॉइंगमध्ये विचारा.

किटच्या मर्यादा. होल पत्र्याच्या काठाजवळ असेल तर सांभाळा, होलाच्या मध्यापासून काठापर्यंत किमान दोन व्यास अंतर असावं अशी आमची सवय आहे. आतला दाब भरतो तेव्हा बाहेर कुठेतरी तितकाच ताण उरतो, त्याला जागा लागते. काठ जवळ असेल तर धाव बारीक पडते. जिथे भाग तापतो तिथे दाब हळूहळू सुटतो. जोराचा उलटा दाब आला तरी सुटतो. आणि तडा असलेलं होल नुसतं कोल्डवर्क करून झाकायचं नाही. दाबाखाली तड्याचं तोंड मिटतं आणि नंतरच्या तपासणीत तो सापडणं आणखी अवघड होतं. आधी तपासणी, मग रीमर, मग पुन्हा तपासणी, मगच मॅन्ड्रेल.

लोक २८ एप्रिल १९८८ चं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ आठवतात, हवाई बेटांमध्ये छोट्या छोट्या फेऱ्या मारून ८९,६८० उड्डाणं झालेलं. २४,००० फुटांवर त्याचं छप्पर उडालं आणि एका एअर होस्टेसचा जीव गेला. रिव्हेटच्या भोकाभोकांतून तडे निघून एकमेकांना मिळाले होते. मला विचारतात, कोल्डवर्क केलं असतं तर वाचलं असतं का? माझं उत्तर नाही असं आहे. तिथे पत्र्यांचा चिकटवलेला जोड सुटला होता, सगळा भार रिव्हेटवर आला होता, आणि पातळ पत्र्यात काउंटरसिंक (रिव्हेटचं डोकं बसायचा खळगा) इतकं खोल होतं की भोकाची कड सुरीसारखी झाली होती. त्या रोगाचं औषध दुसरं होतं. हे किट जाड पत्र्याचं, स्पारचं, फिटिंगचं, लगचं (पिन बसणाऱ्या कानाचं) किट आहे. सगळीकडे चालवू नका.

अण्णा, माझे वडील, मध्य रेल्वेत की-मन (रुळावरून फिरून त्याची तपासणी-दुरुस्ती करणारे) होते, कसारा-इगतपुरी घाटात. मी एकदा वापरलेली स्लीव्ह खिशात तशीच घरी घेऊन गेलो होतो. (वापरलेली वस्तू हँगरबाहेर नेऊ नये, ती मी दुसऱ्या दिवशी डब्यात परत टाकली.) अण्णांनी ती चष्म्याजवळ धरून फिरवली. मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे चॅम्फरिंगच की." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, बोल्टसाठी रुळाला भोकं असतात. त्या भोकांतून तिरपे तडे फुटतात, त्याला रेल्वेत स्टार क्रॅक म्हणतात. म्हणून नवीन भोक पाडलं की दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांचे कडक तुकडे बसवायचे, मधून जाड बोल्ट घालायचा आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचा. भोकाची कड दाबली जाते आणि तिथलं पोलाद कडक होतं. "नुसती कड गोल करणं नव्हे ते," अण्णा म्हणाले, "कड मारून ठेवायची. मग तडा लवकर जात नाही." त्यांनी हे आयुष्यभर केलं होतं, पाठीवर ते किट वाहून, पावसात. मी १४ वर्षं विमानात काम करतो आणि ही गोष्ट आम्ही घरात कधी बोललो नव्हतो. अमेरिकेत रुळांच्या भोकांनाही स्लीव्हची पद्धत लावली गेली आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ स्लीव्हकडे पाहत राहिले.

घ्यावं का? तुमच्याकडे वर्षातून दोन-तीनच कामं येत असतील तर घेऊ नका, चांगल्या ठिकाणाहून भाड्याने आणा आणि वर सांगितलेलं मोजमाप करा. नियमित स्ट्रक्चरल रिपेअर असेल तर घ्या, आणि किटच्या पैशात मॅन्ड्रेलचे गेज, जादा चेक गेज आणि दोन माणसांचं ट्रेनिंग धरूनच बजेट करा. भोसरी, चाकणच्या काही ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांनी विचारलं की ट्रेलरच्या चासीच्या भोकांना लावू का. त्यांना मी आधी त्यांची भोकं दाखवायला सांगितली. गॅसने पाडलेली, आत खरवड, कडेला बर. तिथे आधी ड्रिल, रीमर आणि कड साफ करणं एवढंच करा, आयुष्य तेवढ्यानेच पुष्कळ वाढेल.

पुलर गनला माझे पूर्ण मार्क, ६ वर्षांत एकदाच सील बदललं. नोजकॅप चांगले, पण अडचणीच्या जागेसाठी काटकोनी पुलर वेगळा घ्यावा लागतो, तो आधीच मागवा. पेटीतला फोम हायड्रॉलिक तेलाने लवकर कुजतो. सोबतचं पुस्तक स्पष्ट आहे, चित्रं उत्तम. मराठी-हिंदी मुलांसाठी मी त्यातल्या पायऱ्या हाताने लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्यात.

त्या पंखाचं काम तिसऱ्या रात्री संपलं. ४२ होल, ४२ टिक, मग रीमर, मग शेवटचं माप. पाळी संपताना मुलाने डबा बाकावर ओतला आणि एकेक स्लीव्ह बाजूला सरकवत मोठ्याने मोजू लागला. त्रेचाळीस भरल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शीट उघडून सतराव्या होलावर बोट ठेवलं आणि तिथे माझी दुसरी सही पाहून शेवटची स्लीव्हही बाजूच्या ढिगात सरकवली.